गालफुग्या बोलतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच नाक मुरडणार, ठाऊक आहे मला. पण आधी ऐकून तर घ्या! माझ्या कडेचा रंग उडालाय, खालच्या पट्टीवर एक लांबलचक ओरखडा आहे, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून विचारतो, "अरे, हा अजून चालतो?" चालतो म्हणजे काय! खणखणीत चालतो. या घरात मला जो मान आहे, तो भल्याभल्या टीव्हींच्या नशिबी नसतो. आणि तो मला कुणी दया म्हणून दिलेला नाही. भर दुकानात, चारचौघांदेखत, मी तो कमावलाय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर मी आडवा पडलेलो असायचो आणि एकेक माणूस मला एकेक अवयव देत जायचा. कुणी पडदा बसवला, कुणी तारा जोडल्या, कुणी पाठीला स्क्रू पिळले. आमच्या खेपेच्या टीव्हींची एक खासियत होती. आमचे दोन्ही स्पीकर पडद्याच्या खाली, अगदी समोरच्या बाजूला, जाळीच्या कापडाआड बसवलेले होते. त्यामुळे आमची खालची पट्टी जाडजूड झाली आणि दोन्ही टोकांना फुगली. रुसून गाल फुगवलेल्या पोरासारखे आम्ही दिसायचो. आता देवानं दिलेलं तोंड, त्याला कोण काय करणार?

पट्ट्याच्या शेवटी एका लहानशा खोलीत आवाज तपासणारी एक बाई बसायची. ती प्रत्येक टीव्हीवर एकच बोलणं लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. माझी पाळी आली तेव्हा तिनं थोडा वेळ ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ कसा स्पष्ट बोलतो. तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मी असा काही फुगलो म्हणून सांगू, आधीच फुगलेला, त्यात आणखी! पण ती शाबासकी मला पुढे फार दिवस पुरवून पुरवून वापरावी लागली.

कारण मी दुकानात आलो आणि माझी सगळी मिजास उतरली.

दुकानाच्या एका भिंतीवर आम्ही सगळे टीव्ही ओळीनं टांगलेले. सगळ्यांवर एकच फिल्म. लाल-निळे पोपट, धबधबे, रंगाचे डबे एकमेकांत ओतले जात आहेत, कापलेल्या फळांवरून पाण्याचे थेंब ओघळत आहेत. सगळ्यांचा उजेड शिगेला नेऊन ठेवलेला, कारण दुकानातल्या दिव्यांपुढे मंद टीव्हीकडे कोण बघतो? माझा पडदा जरा खरबरीत. घरात त्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही, हा त्याचा गुण. पण दुकानात मी आपला आजारी माणसासारखा फिकट दिसायचो. आणि आवाज? आवाज सगळ्यांचाच बंद! इतके टीव्ही एकदम बोलायला लागले तर सेल्समनचं डोकं ठिकाणावर राहील का? त्यामुळे त्या दुकानाचा रिवाजच होता, टीव्ही बघायचे, ऐकायचे नाहीत. ज्या एका गोष्टीत मी सगळ्यांना पाणी पाजलं असतं, नेमकी तीच गोष्ट दाखवायला बंदी.

लोक टीव्ही कसा निवडतात ते मी तिथं बसून पाहिलंय. एक जण यायचे आणि नाक टेकेल इतक्या जवळून पडद्यावरचे ठिपके बघायचे. घरी जाऊन काय नाक टेकून बसणार होते? एका जोडप्यानं सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणला होता आणि तो प्रत्येक टीव्हीच्या कडेला लावून रंग जुळतो का ते बघत होतं. एका गृहस्थांनी मागची सगळी भोकं तपासली, यात काय घालता येतं, त्यात काय घालता येतं, आणि शेवटी बायकोनं दाखवलेला घेतला. मोबाईलवर वाचून आलेले तर इतके प्रश्न विचारायचे की सेल्समनला घाम फुटायचा. पण "जरा आवाज लावा बघू," असं म्हणणारा एक मायेचा पूत मी पाहिला नाही. नुसता फोटो बघून लग्न ठरवावं तसा प्रकार.

माझ्या शेजारी एक नवा आला होता. बारकू म्हणायचे त्याला सगळे. बोटाएवढी जाडी, कडा नाहीतच म्हटलं तरी चालेल, आणि पडदा असा लखलखीत की त्यातला पोपट आता उडून खांद्यावर बसेल. लोक त्याच्यासमोर यायचे आणि आपोआप "वा!" म्हणायचे. मी त्याला निरखून पाहिलं होतं. त्याचे स्पीकर पाठीला होते. म्हणजे हा पठ्ठ्या बोलणार भिंतीशी आणि ऐकणार समोरचे! पण मला विचारतो कोण? मला सेल्समननं नाव ठेवलं गालफुग्या. पुढे माझ्या कपाळावर सवलतीचा कागद चिकटवला, तरी कुणी वळून बघेना. मग मला भिंतीवरून उतरवून दाराजवळच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. सेल्समन त्याची छत्री माझ्या डोक्यावर अडकवायचा. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

अशात एके दिवशी ते कुटुंब दुकानात आलं. चार माणसं. पुढे चष्मेवाले, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांच्या मागे त्यांची बायको, शाळेत गणित शिकवणारी, म्हणून तिला घरीदारी सगळेच गणिताच्या बाई म्हणतात. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी टिटवी. हे तिचं लाडाचं नाव, आणि ते का पडलं ते तिचा तोंडाचा पट्टा ऐकल्यावर लगेच कळतं. आणि सगळ्यात मागे आत्या, म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. बटणं, लेस, दोरे आणि सुया विकायचं तिचं छोटंसं दुकान आहे. लग्न केलं नाही, भावाच्या संसारातच राहिली आणि त्या घराचा कणा होऊन राहिली.

आता गंमत ऐका. चष्मेवाल्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात काय असेल? त्यांच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता! वर मोठं अक्षर, खाली लहान, त्याखाली आणखी लहान. तो त्यांनी प्रत्येक टीव्हीवर लावायला लावला. मग मागे सरकून, एक डोळा हातानं झाकून, शेवटची ओळ वाचायची. मग दुसरा डोळा झाकून. दुकानातली गिऱ्हाइकं टीव्ही सोडून त्यांनाच बघायला लागली. गणिताच्या बाईंनी घरच्या भिंतीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून आणला होता, तो त्या प्रत्येक टीव्हीला लावून बघत होत्या. चष्मेवाले म्हणाले, "टीव्ही म्हणजे शेवटी काय? डोळ्यांचं काम. त्यात मला कोण फसवणार?"

बारकूवर शेवटची ओळ सगळ्यात स्वच्छ दिसली, आणि कागदही बरोबर बसला. झालं, ठरलं!

तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "आवाज कसा आहे याचा?"

"मावशी, आवाज काय, घरी रोज ऐकायचाच आहे!" सेल्समन हसून म्हणाला, आणि त्यानं पावतीचं पुस्तक उघडलं.

जाता जाता आत्यानं माझ्या जाळीच्या कापडावरून बोट फिरवलं. कापड दिसलं की हात लावून बघायचं, ही तिची धंद्यातली सवय. दुकानातल्या दिवसांत मला झालेला तो एकच मायेचा स्पर्श. मग ते सगळे बारकूला घेऊन गेले आणि मी छत्री डोक्यावर घेऊन बसलो.

पुढचं जे सांगतो ते मला नंतर कळलं. या घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की मला ती तोंडपाठ आहे.

पूर्वी त्यांच्या घरी टीव्ही बघणं म्हणजे आत्याला ऐकणं असायचं. मालिकेतल्या माणसांशी ती सरळ भांडायची. "अगं, नको जाऊस त्याच्याबरोबर, डोळे बघ त्याचे!" "हा वकील कसला, याला स्वतःचं जेवण वाढून घेता येणार नाही!" टिटवी तर मालिकेपेक्षा आत्यासाठी येऊन बसायची. पण गेली काही वर्षं आत्याचे कान हळूहळू मंदावत होते. तिच्याकडे कानाचं यंत्र होतं. त्यानं समोरच्या माणसाचं बोलणं कळायचं, पण टीव्हीतलं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. ती ते कुणाला सांगत नव्हती. स्वाभिमानी बाई! सगळे हसले की ती हसायची. सगळे गप्प झाले की चेहरा गंभीर करायची. भांडणं मात्र बंद झाली होती, आणि घरच्यांना वाटलं, वय झालं, आता हिला टीव्हीत रस उरला नाही.

बारकू आला आणि उरलंसुरलं होतं तेही गेलं. तो भिंतीकडे तोंड करून बोलायचा ना! एकदा जेवताना टिटवीनं सहज विचारलं, "आत्या, काल मी नव्हते. मालिकेत काय झालं गं?" आत्यानं सगळं रंगवून सांगितलं. मोठ्या जावेनं दागिने लपवले, नोकराला हाकलून दिलं, म्हाताऱ्या सासऱ्यांनी जावयाला घराबाहेर काढलं. गणिताच्या बाई हातातला घास तसाच धरून बसल्या. कारण असलं काहीच झालं नव्हतं! ज्याला आत्या नोकर समजत होती, तो डॉक्टर होता. माणसांच्या तोंडाकडे बघून ती कित्येक दिवस स्वतःचीच एक मालिका मनात रचत होती. आणि खरं सांगायचं तर तिची मालिका मूळच्या मालिकेपेक्षा चांगली होती.

टिटवी हसली. तिला वाटलं आत्या थट्टा करतेय. मग तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. सगळ्यांना सगळं एकदम कळलं. आपलं पितळ उघडं पडलं हे आत्यालाही कळलं. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या परीनं प्रयत्न केले. आवाज मोठा केला. पण आवाज मोठा केला की मालिकेतलं ढणाणा संगीतही मोठं होतं, आणि शब्द त्याखाली चेंगरतात. शेजारच्यांनी भिंत ठोकली. गणिताच्या बाईंचं डोकं उठलं. टिटवी आत्याच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्य सांगायला लागली, तर आत्या म्हणाली, "मला काय लहान बाळासारखं भरवतेस?" आणि एका संध्याकाळी तिनं आपली ट्रंक पलंगाखालून ओढून काढली.

"माझ्या दुकानावर माळा आहे. तिथं जाऊन राहते मी," ती भावाला म्हणाली. "मी बसले की तुम्ही आवाज मोठा करता. शेजारी ओरडतात. मी उठून गेले की तुम्हाला वाईट वाटतं. कशाला हवी ही ओढाताण? दूर राहिलेलं बरं."

"ताई, वेड लागलंय का तुला?" चष्मेवाले म्हणाले.

"वेड नाही, बाळ्या. मला एकटीला एकटं वाटलं तर चालेल रे. पण भरल्या घरात, तुमच्यामध्ये बसून एकटं वाटतं ना, ते नाही सोसवत."

मित्रांनो, एवढे मोठे चष्मेवाले, पण हे ऐकून ते रडले. आईमागे या बहिणीनंच त्यांना वाढवलं होतं, बटणं विकून शिकवलं होतं. ते स्वतःला दूषणं देत राहिले. "गावाला चष्मे लावत बसलो, आणि घरच्या माणसाचं मला दिसलं नाही! तिनं दुकानात विचारलं होतं, आवाज कसा आहे म्हणून. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग बहिरं कोण, ती की मी?"

दुसऱ्या दिवशी ते सगळे बारकूला खोक्यात घालून पुन्हा दुकानात हजर. बदलून घ्यायची मुदत अजून होती. आत्या यायला तयार नव्हती. "हा शेवटचा हट्ट पुरव, मग ट्रंक मी स्वतः उचलून माळ्यावर नेईन," असं भावानं कबूल केलं तेव्हा कुठं आली, आणि तीही तोंड पाडून.

मी तेव्हा कुठं होतो ठाऊक आहे? त्याच कोपऱ्यात. पण माझ्या पायाशी रिकामा खोका येऊन पडला होता. त्या संध्याकाळी गाडी येणार होती आणि मला गोडाऊनला परत धाडायचं ठरलं होतं. तिथं गेलेला टीव्ही परत दिव्याखाली येत नाही, असं आमच्यात म्हणतात. म्हणजे त्या दिवशी दोघांचं नशीब ठरायचं होतं, आत्याचं आणि माझं.

चष्मेवाल्यांनी सेल्समनला सांगितलं, "आज चित्र नको. आज फक्त आवाज."

"सर, आपल्याकडे तशी पद्धत नाही..."

"मग आजपासून पाडा."

त्यांनी एक खुर्ची मागवली, टीव्हींकडे पाठ करून आत्याला तिच्यावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या दुकानात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग धरतात ना, आणि विचारतात, "हे बरं, की आधीचं?" अगदी तीच रीत! फरक इतकाच की भिंगाच्या जागी टीव्ही. सेल्समननं सगळ्यांवर एकच मालिका लावली आणि एकेकाचा आवाज सोडायला सुरुवात केली.

"हे बरं, की आधीचं?"

"सारखंच. नुसती गुणगुण."

"आता?"

"नाही."

"आता? नीट ऐक, ताई."

"अरे, नीटच ऐकतेय!"

भिंतीवरचे एकामागून एक बोलून गेले. रुंद, अतिरुंद, वाकडे पडदे, सगळे. प्रत्येक वेळी आत्या मान हलवायची, आणि दर नकाराबरोबर तिचा चेहरा आणखी उतरायचा. आजूबाजूला बघे जमले होते. गणिताच्या बाई ओढणीचं टोक पिळत होत्या. शेवटी आत्या ताडकन उठली.

"पुरे झालं! चारचौघांत माझी परीक्षा घ्यायची नाही. मी काय तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक आहे? कान गेले माझे, गेले! त्याची दवंडी पिटायला हवी का?" आणि ती तरातरा दाराकडे निघाली.

गणिताच्या बाईंनी सेल्समनला विचारलं, "आणि तो? कोपऱ्यातला?"

"तो गालफुग्या होय? मॅडम, तो जुना माल आहे. आता गाडी येईल न्यायला. त्याचा रिमोटसुद्धा सापडत नाही."

टिटवीनं कुणाचं ऐकलंय का कधी? ती धावत आली, माझ्या डोक्यावरची छत्री फेकली, पडद्याखाली हात घालून चाचपलं आणि सापडेल ते बटण दाबलं. माझ्या अंगात वीज आली. किती दिवसांनी! तिनं आवाजाचं बटण दाबून धरलं, आणि मी बोललो.

मी काही वेगळं बोललो नाही हं. दुकानाची तार माझ्यापर्यंतही आलेली, त्यामुळे तीच मालिका, तोच प्रसंग. एक भाऊ बहिणीला सांगत होता की घराचे कागद हरवले, फार शोधले, मिळत नाहीत. मऊ, हलक्या, साळसूद आवाजात सांगत होता. मागे ते संगीतही होतंच. पण मी त्याचा शब्द न् शब्द समोर मांडला.

आत्याचा हात दाराच्या मुठीवर होता. माझ्याकडे तिची पाठ होती. ती थबकली. आणि मागे न वळता, भर दुकानात, खणखणीत आवाजात ओरडली, "खोटं! धादांत खोटं बोलतोय मेला! कागद याच्याच कपाटात असणार!"

सगळं दुकान तिच्याकडे वळलं. मालिकेतला भाऊ मात्र बोलतच होता.

चष्मेवाले तिच्याजवळ धावले. "ताई... तुला ऐकू आलं?"

"का नाही येणार? कानाशी येऊन सांगतोय की मे..." आणि आत्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ती हळूहळू वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती आली आणि माझ्यासाठी आणलेल्या त्या रिकाम्या खोक्यावर माझ्या पुढ्यात बसली. खोका दबला, चेपला, तिला पर्वा नव्हती. पडद्यावरची बहीण आता रडत होती. आत्याच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंड थांबलं नव्हतं. "आणि ही बघा बावळट! रडतेस काय? कपाट उघड त्याचं! अगं, उघड ना!"

बघे खो खो हसायला लागले. टिटवी आत्याच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच माहीत. चष्मेवाल्यांनी डोळे पुसले आणि खात्री करायला माझा आवाज कमी केला.

"आता येतंय का?"

"येतंय."

त्यांनी आणखी कमी केला. "आता?"

"येतंय रे!"

आणखी कमी. "आणि आता?"

"बाळ्या, तू मध्ये मध्ये बोलतोस म्हणून येत नाही! गप्प बस, मला ऐकू दे!"

मित्रांनो, कितीतरी वर्षांनी त्या बाईनं कुणाला तरी गप्प बस म्हटलं होतं! माझ्या आयुष्यात त्याहून मोठा सत्कार झालेला नाही. भिंतीवरचे सगळे गोरेगोमटे लखलखत होते, पोपट उडवत होते, आणि मी कोपऱ्यातला गालफुग्या, फिकट, फुगलेला, मी जिंकलो होतो!

सेल्समन पुढे आला. माणूस वाईट नव्हता तो. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, पण याचा रंग जरा फिका आहे. तुमचा तो तक्ता लावून बघा एकदा."

"रंग फिका असेल तर मी चष्म्याचा नंबर वाढवीन," चष्मेवाले म्हणाले. "माझ्याकडे चष्म्यांना काय तोटा? पण हा बांधून द्या. आणि खोका दुसरा बघा, तो आता माझ्या बहिणीचा झालाय."

घरी आलो तर भिंतीवर बारकूसाठी पाडलेली भोकं. गणिताच्या बाईंनी ती बुजवायचं काम टिटवीला दिलं, आणि मला एका बुटक्या टेबलावर ठेवलं, आत्या खुर्चीत बसली की तिच्या कानांच्या बरोबर समोर. या वेळी त्यांनी भिंतीचं माप घेतलं नाही, आत्याच्या खुर्चीचं घेतलं. ट्रंकेतल्या साड्या टिटवीनं पुन्हा कपाटात लावल्या. चष्मेवाल्यांनी शब्द दिल्याप्रमाणे ती ट्रंक स्वतः उचलून माळ्यावर नेली, पण रिकामी. त्यात आता जुन्या घडणीची बटणं आहेत.

शेजारी अजूनही भिंत ठोकतात बरं का! पण ती माझ्यामुळे नाही. आत्या खलनायकावर इतक्या जोरात ओरडते की पलीकडे ऐकू जातं. एकदा शेजारीणबाई तणतणत तक्रार करायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आत्या काय बोलतेय ते ऐकलं आणि आत येऊन बसल्या. आता त्या रोज येतात. म्हणतात, "आमचा टीव्ही मोठा आहे हो, पण त्यावर तुमची आत्या लागत नाही."

आता माझं वय झालंय. पडद्याच्या एका कोपऱ्यात सावली धरलीय. पाहुणे म्हणतात बदला, आणि एक दिवस बदलावं लागेलही. मला त्याचं दुःख नाही. कारण मागच्या महिन्यात टिटवीच्या मैत्रिणीला टीव्ही घ्यायचा होता, तेव्हा हे सगळे तिच्याबरोबर गेले आणि परत आल्यावर हसत हसत सांगत होते, की त्या दुकानात आता मधोमध एक खुर्ची ठेवलीय. गिऱ्हाईक आलं की सेल्समन आधी विचारतो, "घरात कोण कोण बघणार आहे? आज आलेत का ते?"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी घरासाठी टीव्ही घ्यायला जाल. पडदा बघा, रंग बघा, भिंतीचं माप घ्या, माझी ना नाही. पण जाताना घरातल्या त्या माणसाला बरोबर न्या जे हल्ली सगळे हसल्यावर हसतं. त्याला खुर्ची द्या. आवाज लावायला सांगा आणि त्याला घाई करू नका. आणि टीव्ही घरी आला की अधूनमधून माझ्यासारख्याच्या जाळीवरची धूळ मऊ फडक्यानं पुसत जा. धूळ साचली की आवाज कोंडतो, आणि आवाज कोंडला की माणूसही कोंडतं.

बरं, आता मी थांबतो. आत्या खुर्चीत येऊन बसलीय, शेजारीणबाईंनी चप्पल काढलीय, मालिका सुरू होतेय. आणि या घरात मालिका चालू असताना मध्येच कुणी बोललेलं आत्याला मुळीच खपत नाही. ती स्वतः सोडून!